आधी नाडी, मग पट्टा

डॉ. मंदाकिनी तांडेल यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात बकऱ्याची महाधमनी होती. मुंबईतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मी नुकताच दाखल झालो होतो. सांगलीकडचा मुलगा, नवा पांढरा कोट, आणि आपल्याला बरंच काही येतं असा चेहरा. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला ठेंगण्याशा, सावळ्या बाई खाटकाकडचं पुडकं सोडतच वर्गात शिरल्या. पाण्याच्या ताटात त्यांनी दोन कापलेल्या चकत्या सोडल्या, एक धमनीची आणि एक शिरेची. धमनीची चकती बांगडीसारखी गोल राहिली, शिरेची चपटी होऊन बसली.

"ही उभी, ती बसली. का?"

कुणी बोलेना म्हणून मी उठलो. "धमनीची भिंत जाड असते, मॅडम."

"हे पुस्तकात आहे. हातात घेऊन ओढून बघ, मग सांग."

मी ती चकती दोन बोटांनी ताणली आणि सोडली. ती टप्पकन जागेवर आली आणि ताटातलं पाणी माझ्या डोळ्यात गेलं. सगळा वर्ग हसला. मॅडमही हसल्या, पण रुमाल त्यांनीच दिला. आमची ओळख झाली ती अशी.

रक्तवाहिनी म्हणजे नळी, असं आम्ही बारावीपर्यंत पाठ करून आलो होतो. मॅडमना हा शब्द खपत नसे. नळीला आपल्यातून काय वाहतंय याचा पत्ता नसतो, रक्तवाहिनीला असतो, असं त्या सांगायच्या. सगळ्यांत आतलं अस्तर जेमतेम एका पेशीइतकं जाड. पण रक्त गोठू न देणं, प्रवाहाचा जोर ओळखणं आणि त्याप्रमाणे बाहेरच्या स्नायूला सैल हो किंवा आवळ असा निरोप धाडणं, ही कामं ते अस्तर करतं. मधला थर स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा, ठोक्यागणिक ताणला जाऊन पुन्हा मूळपदावर येणारा. बाहेरचा थर चिवट, सगळं बांधून धरणारा. मोठ्या वाहिन्यांच्या भिंतीत तर स्वतःच्या इवल्या रक्तवाहिन्या असतात, कारण एवढी जाड भिंत आतून वाहणाऱ्या रक्तावर पुरती पोसली जात नाही. "जन्मभर रक्ताला टेकून उभी, तरी हिला जेवण बाहेरून द्यावं लागतं," असं म्हणताना त्यांना दरवेळी नव्याने गंमत वाटायची.

शिरांबद्दल बोलताना मात्र त्यांचा आवाज जरा बदलायचा. शिरेची भिंत पातळ, तिच्यात स्नायू कमी. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं ते पोटरीच्या स्नायूंनी, चालता चालता शिरा दाबून. चढलेलं रक्त खाली घसरू नये म्हणून शिरेत जागोजागी झडपा असतात. माणूस तासन् तास नुसता उभा राहिला की पोटरी काम करत नाही, रक्त साचतं, पातळ भिंत फुगते, झडपा एकमेकींना भिडेनाशा होतात. मग घोट्याच्या वर कातडी काळवंडते आणि एक दिवस तिथे जखम होते. ती वर्षानुवर्षं भरत नाही.

ही भिंत सैल का पडते, यावरच मॅडमचं संशोधन चाललं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या त्यांच्या काचपट्ट्या मी पाहिल्या आहेत. बाहेरगावचे प्राध्यापक त्या पाहायला येत. आणि ते काम ऐन भरात असताना मॅडमनी नोकरीचा राजीनामा दिला आणि त्या डहाणूजवळच्या नरपडला, आपल्या गावी निघून आल्या. काचपट्ट्यांच्या लाकडी पेट्या अजून त्यांच्या माडीवर पडून आहेत. शास्त्राचं यात मोठं नुकसान झालं, असं माझं मत तेव्हा होतं आणि आजही आहे. मॅडमना ते आवडत नाही. पण त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात निदान एवढं तरी लिहिण्याची मुभा शिष्याला असावी.

त्या का परतल्या, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांची आई नरपडहून डोक्यावर मासळीची पाटी घेऊन डहाणू रोडच्या बाजारात जायची आणि माल संपेपर्यंत उभी असायची. तिच्या घोट्यावर तीच ती न भरणारी जखम होती. "मी मुंबईत शिरेच्या भिंतीवर निबंध वाचत होते आणि आई इथे पायाला फडकं गुंडाळून बाजारात उभी राहत होती," मॅडम म्हणाल्या. "सुट्टीत आले की ती पाय लुगड्याखाली घ्यायची. मी शिकलेली होते ना, मला किळस वाटेल असं वाटायचं तिला." आई गेल्यानंतर वर्षभरात त्यांनी मुंबई सोडली. आई असताना सोडायला हवी होती, ही रुखरुख त्यांची त्यांच्यापाशी राहिली.

मला तलासरीला त्यांनीच आणलं. पदवी घेऊन मी पुढे काय करावं या विचारात असताना त्यांचा फोन आला. "देशमाने, तलासरीला हायवेलगत एक गाळा रिकामा आहे. दवाखाना टाक. आठवड्यातून एकदा मीही येऊन बसेन." मी एका वर्षासाठी आलो. आता माझे केस पिकले आहेत आणि गाळ्याचं छप्पर दुसऱ्यांदा बदलून झालं आहे.

पहिल्याच पावसाळ्यात मला मलेरियाने गाठलं. एकटा माणूस, गाळ्यामागच्या खोलीत तापाने फणफणत पडलेला. मॅडम रोज डहाणूहून यायच्या, तांदळाची पेज करायच्या आणि सोबत सुक्या बोंबलाची चटणी भरवायच्या. मी जन्माचा शाकाहारी. हे सांगायचा धीर मला बऱ्याच दिवसांनी झाला. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मग बोलला का नाहीस गाढवा?" तोवर मला चव लागली होती. आमच्या घरी सांगलीला हे अजून माहीत नाही, पण आता ग्रंथच छापला जातो आहे तेव्हा कळेल.

मॅडम बसायच्या त्या दिवशी दवाखान्याबाहेर पूर्वेकडच्या डोंगरपाड्यांमधल्या बायकांची रांग लागायची. भाताच्या आवणीत, रोपं लावत दिवसचे दिवस चिखलात वाकून उभ्या राहणाऱ्या, उरलेल्या वर्षात मजुरीवर उभ्या राहणाऱ्या बायका. कुणाची जखम मुलाच्या जन्मापासूनची, कुणाची त्याच्याही आधीची. यावर उपाय सोपा आहे. पायाच्या बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत ताणाचा पट्टा नीट दाब देऊन बांधायचा. शिरेची भिंत स्वतःला आवरू शकत नाही, तर तिला बाहेरून आधार द्यायचा. विश्रांती घेताना पाय उंचावर ठेवायचा. मॅडमनी असे पट्टे खोक्याने मागवले. डहाणू रोडचे औषधवाले गुजराती शेठ हादरले. "डॉक्टरबेन, एवढा पट्टा कोण लेशे? उरला तर मी परत नाय घेणार हां," असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं. एकही उरला नाही.

सुरुवातीला जखमा काही भरेनात. मॅडम चक्रावल्या. मग लक्षात आलं की दवाखान्यात येताना सगळ्यांचे पट्टे लख्ख पांढरे असतात. बायका पट्टा धुऊन, घडी घालून खुंटीला टांगून ठेवत आणि डॉक्टरकडे यायच्या दिवशीच बांधत. चांगली वस्तू चिखलात कशी न्यायची? मॅडमनी त्या दिवशी रांगेसमोर उभं राहून जो काही आवाज लावला, तो हायवेवरच्या एसटीतल्या लोकांनीही ऐकला असेल. "मला मळका पट्टा दाखवा. ज्या बाईचा पट्टा गोरा, तिला मी तपासणार नाही." पुढच्या आठवड्यापासून चिखलाने माखलेले पट्टे येऊ लागले आणि जखमा भरू लागल्या. आपल्या माणसांची चूक आपल्याला सापडली, असं मॅडमना वाटलं. मलाही वाटलं.

आता जे लिहायचं आहे त्याबद्दल गौरव समितीने मला दोनदा फोन केला. समितीचे कार्याध्यक्ष माझे स्नेही आहेत, म्हणून नाव घेत नाही. "ते प्रकरण नको हो डॉक्टर, शुभप्रसंग आहे," असं त्यांचं म्हणणं. पण सत्काराला होकार देताना मॅडमनी एकच अट घातली होती, की ते प्रकरण देशमाने लिहील आणि छापताना कुणी कापणार नाही.

जेठीबाई ही त्या डोंगरपाड्यांपैकी एका पाड्यातली, जखम पूर्ण भरलेली पहिली बाई. तिचा आनंद काय सांगावा! आणि पाड्याची रीत अशी की कामाची वस्तू एका घरात राहत नाही. लग्नाचं मोठं पातेलं, विहिरीतली बादली काढायचा गळ, बाळंतिणीची बाज, ज्याला लागेल त्याच्याकडे जातं आणि धुऊन परत येतं. असून न देणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने बघतात. मॅडम याच मातीतल्या. नरपडला त्यांच्या घरची जाळ्याची सुईही अशीच आळीभर फिरायची. पण पट्टा हे औषध आहे आणि औषध ज्याचं त्याने घ्यायचं असतं, हे त्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की कुणाला तोंडाने सांगावं असं त्यांच्या मनात आलं नाही.

एका तपासणीच्या दिवशी जेठीबाई उघड्या पायाने आली.

"पट्टा कुठाय?" मॅडमनी दरडावलं.

"लहानूला दिला, बाय. त्याचे अंगठ्याला जखम हाय, भरतच नाय. मीच बांधून दिला, तू शिकवला तसाच. चांगला गच्च."

लहानू हा तिचा धाकटा भाऊ. ताडी काढणारा. पाड्यातले उंच ताड तो चढायचा.

मॅडम तशाच उठल्या. रांगेतल्या कुणाला थांबा म्हणाल्या नाहीत, मला फक्त "गाडी काढ" म्हणाल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा लहानू चटईवर पडला होता. पाय भाताच्या पोत्यावर उंच ठेवलेला, पट्टा बोटांपासून गुडघ्यापर्यंत एकही सुरकुती न पडता बांधलेला. जेठीने आपल्याला शिकवलेलं सगळं भावासाठी इमानाने केलं होतं. मॅडमनी पट्टा सोडला. पाय गार होता आणि बोटं काळीनिळी पडली होती. त्यांनी पावलावर बोटं ठेवली, मग घोट्याच्या मागे, मग गुडघ्यामागे. कुठेच नाडी लागली नाही.

"ताडावर चढताना पोटरीत गोळा यायचा का रे?"

"यायचा ना. मधेच थांबाय लागायचा. बिडी ओढली का बरा वाटं."

लहानूचा आजार शिरेचा नव्हताच. तंबाखूने त्याच्या धमन्यांचं आतलं अस्तर सुजलं होतं, भिंत आकसली होती, आत गुठळ्या धरल्या होत्या. पायाला मुळात रक्त पोहोचत होतं ते थेंबाथेंबाने. शिरेचं दुखणं असलेल्या पायाला जो दाब आधार देतो, तोच दाब असल्या पायाचं उरलंसुरलं रक्त बंद करतो. पाय उंच ठेवणंही तसंच. एकाला औषध, दुसऱ्याला घात. हे वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतं. जेठीला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

लहानूला आम्ही गाडीत घालून मोठ्या रुग्णालयात नेलं. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिथले शल्यचिकित्सक मॅडमना म्हणाले की हा पाय आज ना उद्या जाणारच होता, पट्ट्याने फार तर लवकर गेला. ते खरं असेलही. पण मॅडमनी तो दिलासा घेतला नाही. परतीच्या वाटेवर त्या एवढंच म्हणाल्या, "मी पट्टा शिकवला देशमाने, नाडी शिकवली नाही." मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यांना काय वाटत असेल ते विचारायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर मॅडमनी सगळी पद्धत बदलली. पट्टा मिळण्याआधी प्रत्येक बाईला पायाच्या दोन नाड्या शोधायला शिकायचं. एक पावलाच्या वर, एक आतल्या घोट्यामागे. आधी स्वतःच्या पायावर, मग शेजारणीच्या, मग घरच्या माणसांच्या. ज्याची नाडी लागत नाही, ज्याचा पाय गार, त्याला पट्टा बांधायचा नाही, सरळ दवाखान्यात आणायचं. बायकांच्या हाती असलं काम देण्यावरून काही डॉक्टर मंडळी कुजबुजली. मॅडमनी त्यांना चहाला बोलावलं आणि आपापल्या पायाची नाडी शोधायला सांगितली. शोधता शोधता चहा गार झाला. वस्तू फिरणार ही रीत त्यांनी मोडायचा प्रयत्न केला नाही. पट्टा फिरणारच असेल तर नाडी बघणारी बोटंही त्याच्याबरोबर फिरली पाहिजेत, असं त्या म्हणत. मध्यंतरी दुसऱ्या एका पाड्यावरची बाई नवऱ्याला घेऊन आली. त्याच्या टाचेला जखम होती. "गार लागला, म्हणून नाय बांधला," एवढंच तिने सांगितलं. त्या माणसाचा पाय वाचला. ती माणसं गेल्यावर मॅडम बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. लहानूची बहीण हे शिकलेली असती तर, हा विचार त्यांच्या मनात होता, हे कळायला मनकवडा असण्याची गरज नव्हती.

लहानूला पुढे कृत्रिम पाय मिळाला. त्यावर तो चालतो, पण ताडावर चढता येत नाही. पाड्याच्या तोंडाशी त्याने टपरी टाकली. काड्यापेट्या, बिस्किटं, मोसमात ताडगोळे, आणि बिड्याही. मॅडम दर महिन्याला त्याच्याकडे जायच्या. कधी चिकू, कधी घरचं सुकट. आणि दरवेळी एकच विनवणी, "लहानू, दुसरा पाय दाखव." कारण हा आजार सहसा एका पायावर थांबत नाही. बिडी चालू असेल तर तो दुसऱ्या पायावर येतोच म्हणायला हरकत नाही. वेळेवर कळलं तर त्याला रोखता येतं. लहानू उरलेला पाय मांडीखाली घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "आज नको बाय, गिऱ्हाईकं हाय." टपरीवर तेव्हा चिटपाखरू नसायचं. वर्षामागून वर्षं हेच चाललं. तो पाय मॅडमना कधी बघायला मिळाला नाही, आणि त्याची काळजी त्यांनी एक दिवसही सोडली नाही.

हा लेख लिहायचं ठरलं तेव्हा मॅडमनी मला लहानूची परवानगी घ्यायला पाठवलं. मी टपरीच्या फळीवर बसलो, चहा प्यायलो आणि विषय काढला.

"लिव ना," लहानू म्हणाला. "खोटा थोडाच हाय. पण डाक्टर, माझा एक काम कर. बायला सांग, येऊ नको आता."

"का रे? रागावलास तिच्यावर?"

"राग कशाला? पट्टा बहिणीनं बांधला. मना तिचा बी राग नाय. पण बाय येते ना, तवा सगळा पाडा माझे पायाकडं बघतो. ती रडत नाय, पण तिचा तोंड रडल्यासारखा होतो. मंग मीच तिला सांगतो, जाऊ दे बाय. घरी जेठी, तिला बी मीच सांगतो, जाऊ दे. दोघी जाऊ देत नाय. मी किती दिवस समजूत काढू त्यांची? बाकीचे दिवस मी टपरीवाला लहानू असतो. ती येते त्या दिवशी मी पाय तुटलेला होतो."

"आणि दुसरा पाय?" मी विचारलं.

"तो माझा हाय," लहानू म्हणाला, आणि त्याने बिडी पेटवली.

नरपडला मॅडमच्या ओटीवर बसून मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. गाळून सांगायचा मोह झाला, पण त्यांच्यापुढे ते चालत नाही. त्या ऐकत होत्या आणि हातातली सुपारी अडकित्त्यात तशीच धरून होत्या.

"म्हणजे मी त्याला बघायला जात नव्हते रे," त्या म्हणाल्या. "मी माझं समाधान करून घ्यायला जात होते. आणि ते त्या बिचाऱ्याला करावं लागत होतं."

मी म्हटलं, "असं नाही मॅडम."

"असंच आहे. आणि तो पाय? तो पाय जाईल ना, देशमाने. काय करू मी आता?"

इतक्या वर्षांत मॅडमनी मला पहिल्यांदाच असं काही विचारलं. मी म्हटलं, थांबू या. त्यांना ते पटलं असं नाही, पण त्या थांबल्या. जाणं बंद केलं. जेठीबाई दवाखान्यात आली की तिच्याकडेही भावाची चौकशी करायच्या नाहीत. फक्त तिच्या पायाला पट्टा बांधताना त्यांचे हात उगाच रेंगाळायचे. त्या काळात मॅडम मला एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. पंचाहत्तरीचं निमंत्रणपत्र छापून आलं, त्यावरचा स्वतःचा फोटो बघून त्यांनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं.

मग गेल्या महिन्यात, त्यांच्या बसण्याच्या दिवशी दुपारी, शेअर जीपमधून लहानू उतरला. मी त्याला पुढे बोलावलं, तर मानेनेच नको म्हणाला आणि रांगेत बसला. बायकांच्या रांगेत एकटा पुरुष. नंबर आल्यावर तो आत आला, बाकावर बसला आणि उरलेल्या पायातली चप्पल काढली.

"टपरी बंद ठेवून आलोय, बाय. लवकर बघ."

मॅडम खुर्चीवरून उतरून खाली जमिनीवर बसल्या. मी स्टूल पुढे केलं, त्यांनी बघितलंही नाही. पाऊल मांडीवर घेऊन पावलावर बोटं ठेवली. जागा बदलली. पुन्हा बदलली. मग त्यांची बोटं घोट्याच्या मागे गेली आणि तिथेच राहिली. डोळे मिटून त्या किती वेळ बसल्या कोण जाणे.

"आहे," त्या म्हणाल्या. "बारीक आहे, पण आहे."

"मंग?"

"मग बिडी सोड."

"मी बिड्या विकतो, बाय."

"विकायचंही सोड."

"नी खाऊ काय?"

मॅडमनी त्याच्या पावलावरचा हात काढला नाही. लहानूने थोडी वाट पाहिली आणि मग त्यालाच त्यांची दया आली असावी. "बरा, ओढायची सोडतो," तो म्हणाला. "विकायचा मंग बघू. परत कधी येऊ?"

"दर महिन्याला ये."

"दर महिन्याला टपरी बंद नाय ठेवता येत. आवणी झाली का येतो." आणि तो गेला.

मॅडम तशाच जमिनीवर बसून होत्या. मी हात दिला तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "पावलावरची नाडी लागली नाही रे," त्या म्हणाल्या. "चार वर्षं आधी बघायला मिळाला असता तर लागली असती." मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

अशा लेखाच्या शेवटी शतायुषी व्हा म्हणायची पद्धत आहे. इतर मंडळी ते या ग्रंथात म्हणतीलच, आणि मनापासून म्हणतील. माझं मागणं जरा हट्टाचं आहे. लहानूने तो पाय मला दाखवायचं कबूल केलेलं नाही. परवा मी टपरीवर सहज विचारून पाहिलं, तर त्याने पाय मांडीखाली घेतला आणि म्हणाला, "बायलाच दाखवीन." तेव्हा मॅडम, रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्या, जिना जपून चढा, आणि या आवणीनंतर, त्याच्या पुढच्या आवणीनंतर, त्याच्याही पुढच्या आवणीनंतर बोटं शाबूत ठेवून तलासरीला या. तुम्ही नसाल तर तो पाय कुणीच बघणार नाही.